मोकळा रकाना

जमीनवाल्याचा इतिहास काढणं तसं सोपं असतं. त्याच्यामागं जमीन असते, जमिनीमागं सारा असतो आणि साऱ्यामागं सरकार असतं. सरकारं बदलतात. आमच्या मुरुडावर निजामाचा अंमल होता, १९४८ च्या सप्टेंबरात तो गेला, १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत आमचा जिल्हा उस्मानाबाद होता, मग लातूर झाला. पण सारा कुणाकडून घ्यायचा, हे प्रत्येक सरकाराला ठाऊक असावंच लागतं. त्यामुळं सेतवार, खासरा पाहणी, फेरफार, सातबारा अशी उतरंड लागते आणि एका नावाखाली दुसरं नाव सापडत जातं.

सुताराचं तसं नाही. त्यानं गावातलं प्रत्येक औत केलं, पण औतावर नाव मालकाचं. त्यानं तिफणीचं चाडं असं कोरलं की तिन्ही नळ्यांतून दाणा सारखा पडावा, पण पीक आलं ते रानवाल्याच्या नावावर. गाडीचा तुंबा, आरे, पुठ्ठे, जू, शिवळा, रुमणं, घराचे खांब, तुळया, दाराच्या चौकटी, पाळणा आणि शेवटी तिरडीचे बांबू बांधायला बोलावणं आलं तर तेही. जन्मापासून मरणापर्यंत गाव ज्याच्या हातातून जातं, त्याचं नाव गावाच्या दप्तरात शोधायला बसलं की दिवसभरात एक ओळ हाती लागत नाही. लाकूड झिजतं, कुजतं, शेवटी चुलीत जातं. त्यावर कुणी सही केलेली नसते.

माझा पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. त्यानं तीनेक वर्षांपूर्वी फोन केला. म्हणाला, "काका, पुस्तक करायचंय. आपल्या घराण्याचं. वंशवृक्ष, जुने फोटो, कोण कुठून आलं, सगळं. त्या मोठ्या मोठ्या लोकांचे कुलवृत्तांत असतात की नाही, जाडजूड? आपल्यात एकाचा तरी आहे का?" मी म्हटलं, नाही बाबा. तो म्हणाला, "मग तुम्ही मास्तर होता, रिटायर आहात, तुम्ही लिहा. छपाईचं मी बघतो."

मला ते पटलं. ज्यांच्याकडं वतनाचे कागद होते त्यांनी घराण्याचे ग्रंथ केले. ज्यांच्याकडं वाकस, किंकरं आणि रंधा होता, त्यांना घराणं नव्हतं की काय? म्हणून लागलो शोधायला.

दिवसही तसेच होते. २०२३ च्या सप्टेंबरात सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. कधी नव्हे ते जुन्या दप्तरांवरची धूळ झटकली गेली. मोडी वाचणारे आणि उर्दू वाचणारे म्हातारे एकदम भावात आले. रेकॉर्ड रूमच्या बाहेर माणसं आपापल्या पणजोबाला शोधत बसलेली असायची. कुणाच्या हातात शाळेचा निर्गम उतारा, कुणाच्या हातात कोतवाल बुकाची नक्कल. आमचं काम वेगळं होतं, पण त्या गर्दीत आम्हीही खपून गेलो.

आमच्यासारख्या इतर मागासवर्गीयांना जातीच्या पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. तो आमच्याकडं होता. माझ्या वडिलांचं शाळेत नाव घातलं ती नोंद फसली १३५३ ची. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९४३-४४. नोंद उर्दूत. ज्या निवृत्त गुरुजींकडून ती वाचून घेतली, ते वाचता वाचता हसायला लागले. म्हणाले, "मास्तर, हे बघा. सीन, ते, अलिफ, रे. जेर-जबर काही दिलेलं नाही. याला सुतार वाचा, सितार वाचा, नाहीतर सत्तार वाचा. अक्षरं तीच." मग चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही सुतार आहात हे मला माहीत आहे, म्हणून मी सुतार वाचतो."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. कागद आपल्याला सांगतो असं आपण म्हणतो. पुष्कळदा आपणच कागदाला सांगत असतो.

तर कागदाप्रमाणं आमची वंशावळ स्वच्छ लागली. मी, माझे वडील, त्यांचे वडील म्हणजे आमचे आबा, आणि आबांच्या वर त्यांचे वडील, ज्यांना घरात सगळे थोरले आबा म्हणत. कागदावर कुठं सुतार, कुठं पांचाळ. चार पिढ्या, सरळ रेघ. पुतण्या खूश झाला.

पण कागदाला ठाऊक नसलेली एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. आबा थोरल्या आबांच्या पोटचे नव्हते.

ही काही दबक्या आवाजात सांगायची गोष्ट नव्हती. आबा स्वतःच सांगायचे. पारावर, दुकानावर, लग्नाच्या मांडवात. "मी मानमोडीचा हाय" असं म्हणायचे आणि हसायचे. मानमोडी म्हणजे १९१८ ची तापाची साथ, जिला पुढं इन्फ्लुएंझा म्हणून साऱ्या जगानं ओळखलं. पहिल्या महायुद्धावरून परतणाऱ्या फौजांबरोबर ती मुंबईत उतरली आणि आगगाडीच्या रुळांवरून आत शिरली. देशात एक कोटीहून अधिक माणसं गेली. त्यात त्या वर्षी पावसानं दगा दिलेला. आमच्याकडं बार्शी लाइट रेल्वे होती, अडीच फुटी रुळांची. कुर्डुवाडी ते बार्शी हा तिचा पहिला तुकडा १८९७ चा, आणि १९११ ला ती मुरुडावरून लातूरला पोचली. ज्या गाडीनं पेठेचा माल आणला, तिच्याच वाटेनं ताप आला.

थोरले आबा मालाच्या एका गाडीचा आख बघायला ठेसनाकडं गेले होते. लाइनीच्या कडेला, गाडीच्या चाकाच्या सावलीत, चार-पाच वर्षांचं पोरगं बसलेलं. अंगात ताप. कोण्या गावचं, ठाऊक नाही. बापाचं नाव विचारलं तर "बाबा" म्हणालं. आईचं विचारलं तर "आई". एवढंच नीट सांगता आलं की घरी ढवळ्या आहे. ढवळ्या म्हणजे पांढरा बैल. आता ढवळ्या कुणाच्या दावणीला नसतो? पाटलाच्या असतो, माळ्याच्या असतो, महाराच्या असतो, वाण्याच्या गाडीलाही असतो. त्या एका नावावरून गाव कळत नव्हतं, घर कळत नव्हतं, आणि जात तर मुळीच कळत नव्हती.

थोरल्या आबांची स्वतःची दोन लेकरं त्याच साथीत गेलेली होती. त्यांनी पोराला खांद्यावर टाकून घरी आणलं. आळीतल्या लोकांनी साहजिक विचारलं, कुणाचं आहे, कोणत्या जातीचं आहे, चुलीपाशी न्यायचं की ओसरीवर ठेवायचं. तेव्हा थोरल्या आबांची बायको, आमची पणजी, म्हणाली, "ताप उतरू द्या, मंग इचारा."

ताप उतरायला पंधरा दिवस लागले. तोवर पोरगं तिच्या हातची पेज पीत होतं आणि रंध्याखाली पडलेल्या लाकडाच्या झिरपुल्यांशी खेळत होतं. मग कुणी विचारलं नाही. विचारून उत्तर तरी कोण देणार होतं?

पुढं ते पोरगं थोरल्या आबांच्या हाताखाली तयार झालं. आधी नुसतं लाकूड धरायचं, मग करवतीचं खालचं टोक ओढायचं, मग बाभळीच्या ओंडक्यावर ओळंबा न लावता नजरेनं रेघ धरायची. लग्नाच्या वेळी जातपंचांनी थोडी खळखळ केली, जेवण घेतलं आणि गप्प बसले. आबा म्हणायचे, "पंचानं माझी जात इचारली. बाबानं माझ्या हातची चौकट म्होरं ठिवली."

आता पुस्तकाचा प्रश्न आला. आबांच्या वरच्या रकान्यात काय लिहायचं?

पुतण्या म्हणाला, "थोरल्या आबांचं नाव आहे की कागदावर. तेच लिहू. बाकीची गोष्ट वगळू." त्याचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. त्यानं मला नीट समजावून सांगितलं. घराण्यात लग्नाच्या मुली आहेत. आजही स्थळ आलं की लोक आधी मूळ विचारतात, मग पगार. छापलेलं पान कुणाच्याही हाती पडतं. तोंडी गोष्ट हवेत जाते, छापील गोष्ट राहते. आणि शिवाय, "काका, कागद आपल्या बाजूनं असताना आपणच कशाला शंका काढायची?"

माझं मन तेवढ्यानं भरेना. खोटं लिहायचं नाही एवढीच ती गोष्ट नव्हती. थोरल्या आबांचं नाव लिहिणं खोटं नव्हतंच. ज्यानं वाढवलं, शिकवलं, घर दिलं, त्याला बाप नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं? पण नुसतं नाव लिहून सरळ रेघ ओढली, तर त्या माणसानं केलेली सगळ्यात मोठी गोष्ट त्या रेघेखाली गाडली जात होती. पोटच्या लेकराला वाढवणं हे जनावरही करतं. त्याच्या नावावर जे जमा होतं, तेच आम्ही त्याचं घराणं शुद्ध दाखवण्यासाठी खोडत होतो.

वंशवृक्ष काढणाऱ्या पुण्याच्या पोरानं सुचवलं, "दत्तक लिहा, तुटक रेघेनं दाखवतो." मी त्यावर दोन दिवस विचार केला. दत्तक म्हणजे दिलेला. कुणीतरी देतो, कुणीतरी घेतो, चार माणसं साक्षीला असतात, विधी होतो. या लेकराला कुणी दिलं नव्हतं. ते सापडलं होतं. पुतण्या म्हणाला, मग वरच्या रकान्यात "अज्ञात" टाकू. तो शब्द मला सहन होईना. अज्ञात इसम पेपरात असतो, रेल्वे रुळावर सापडलेला.

खरं म्हणजे कारागिराच्या घराण्याला ही अडचण पडायलाच नको. आमच्या पांचाळांच्या कथेत विश्वकर्म्याचे पाच पुत्र आहेत, मनू, मय, त्वष्टा, शिल्पी आणि दैवज्ञ. त्यांची ओळख काय सांगतात? एकाचं लोखंड, एकाचं लाकूड, एकाचं तांबं, एकाचा दगड, एकाचं सोनं. कोण कुठं जन्मला यापेक्षा कुणाच्या हातात काय आहे, यावरून कूळ. हे मी पुतण्याला मोठ्या आवेशात सांगितलं. म्हटलं, आपला वंश रक्ताचा नाही, हाताचा आहे.

तो शांतपणे म्हणाला, "मग काका, आपण कोणच नाही की त्यांचे. तुम्ही मास्तर झालात. मला भिंतीत खिळा ठोकता येत नाही."

यावर माझ्यापाशी पटकन उत्तर नव्हतं. तो खरंच बोलत होता. १९०३ ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हाच लाकडी नांगराचा शेवट ठरला होता. फक्त आमच्याकडं त्याला पोचायला वेळ लागला. मग टायरगाडी आली आणि लोहारानं गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची, सुतारानं चाक धरायचं, दोघांनी मिळून धाव चढवून पाणी ओतायचं, हा गावचा सोहळाच बंद पडला. मग ट्रॅक्टर आला. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात कित्येकांनी भीतीनं माळवदं उतरवली आणि पत्रे घातले. तुळया जळणाच्या भावानं गेल्या. माझ्या वडिलांनी हत्यारं पोत्यात घालून माडीवर टाकली. आमच्या घरात आज एकही सुतार नाही. रक्त म्हणावं तर थोरल्या आबांचं नाही, हात म्हणावा तर तोही राहिला नाही.

आणि हाताच्या वंशाची फुशारकी मारताना आणखी एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला. गावगाड्याच्या हिशेबात बलुतेदारांच्या ओळी असतात, त्यांना कास म्हणतात. सुतार, लोहार, चांभार, महार ही बहुतेक गावांत थोरली कास. म्हणजे खळ्यावर ज्यांचा वाटा आधी आणि मोठा. त्या हिशेबानं सुतार आणि महार एका ओळीचे. पण तो झाला धान्याचा हिशेब. पाण्याचा हिशेब वेगळा होता. महारवाड्यातल्या कुणाचं काही दुरुस्त करायचं असलं तर वस्तू आधी खाली ठेवायची, मग यांनी उचलायची. झाली की यांनी खाली ठेवायची, मग त्यांनी उचलायची. हेही आबांनीच सांगितलेलं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ ला आलं, तेव्हा आम्हा सवर्ण-मधल्या बलुतेदारांना तो शब्द पलीकडून कसा दिसतो ते कळलं.

म्हणून मला एक प्रश्न छळू लागला, आणि तो मी पुतण्यालाही विचारला. त्या पोराला जात सांगता आली असती तर?

समजा, ते पाच ऐवजी आठ वर्षांचं असतं. समजा, त्यानं स्पष्ट सांगितलं असतं, मी अमक्या वाड्यातला. समजा, तो वाडा गावाबाहेरचा निघाला असता. थोरल्या आबांनी त्याला खांद्यावर टाकलं असतं का? पणजी चुलीपाशी घेऊन बसली असती का? मला वाटतं, ती माणसं दयाळू होती. त्यांनी पाणी पाजलं असतं, दुरून भाकर टाकली असती, येसकराला बोलावून पोराला त्याच्या हवाली केलं असतं. आणि आपण बरोबर केलं असं समजून निजली असती. त्यांच्या हाताखाली तीस-चाळीस वर्षांत कितीतरी पोरं शिकली, पण महारवाड्यातलं आणि मांगवाड्यातलं एकही नाही. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण पुस्तकात एक बाजू घेतली तर दुसरीही घ्यावी लागते.

म्हणजे आबांना वाचवलं ते त्यांच्या न सांगता येण्यानं. तो रकाना मोकळा होता म्हणून दार उघडलं. ज्या अज्ञानाची आज आम्हाला लाज वाटत होती, त्याच अज्ञानामुळं आम्ही सगळे जन्माला आलो. आणि आता शंभर वर्षांनी आम्ही तो रकाना भरायला निघालो होतो, कुणी विचारायच्या आत.

आत्या अजून आहे. आबांची धाकटी लेक, पंच्याऐंशीच्या पुढची, कानानं कमी, जिभेनं तिखट. तिला विचारायला गेलो. सगळं मोठ्यानं सांगावं लागलं. ती म्हणाली, "आबा काय लपवून ठेवायलता का? गावाला सांगायचा. मंग तुमी कशाला झाकायलाव?" थोड्या वेळानं म्हणाली, "आन माझं नाव हाय का त्याच्यात?" पुतण्यानं वंशवृक्ष दाखवला. त्यात फक्त मुलगे होते, कारण तो पडताळणीच्या शपथपत्रावरून केला होता आणि तिथं बापाकडची माणसंच लागतात. आत्या म्हणाली, "करवतीला कानस मी लावायची. तुझ्या बापाला येत नव्हती. मी काय रानातून आले?"

हे खरं आहे. करवतीच्या दातांना धार देण्यात आबा आत्याचं नाव घ्यायचे, मुलांचं नाही. तिचं लग्न झालं, ती दुसऱ्या गावी गेली, आणि हाताच्या वंशातली सगळ्यात चांगली कडी वंशावळीतून आपोआप गळली. आम्ही तिचं नाव घातलं. मग तिच्या बहिणींचं घातलं. मग आजीचं आणि पणजीचं घातलं. पुतण्याचा वंशवृक्ष फुगला, पान मोठं करावं लागलं.

आत्याच्या बोलण्यानं पुतण्या वळला, पण सगळे वळले नाहीत. आमच्यातल्या एका घराण्याच्या शाखेत मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. तिचा बाप माझ्याकडं आला. भांडला नाही. चहा घेतला आणि म्हणाला, "दादा, तुमी खरं बोलायलाव, मला मान्य हाय. पण तुमच्या लेकीबाळी उजवून झाल्या. पेन्शन चालू हाय. तुमच्या खऱ्याचे पैसे माझ्या लेकीनं कशाला भरायचे?"

मी आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं. ते खरं बोलणं ज्याचं त्यानं, ज्याच्या त्याच्या पदरचं, असं मी धरून चाललो होतो. घराण्याचं खरं तसं नसतं. ते सामाईक विहिरीसारखं असतं. माझा वाटा उपसताना दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी हलतंच. म्हणून त्याचं म्हणणं मी ऐकलं. त्याची शाखा पुस्तकात नाही. त्या जागी फांदी तोडल्यासारखी दिसू नये म्हणून पानाची मांडणी बदलली. पुस्तक घराबाहेर द्यायचं नाही असंही ठरलं. आणि हा लेख लिहिताना मी एकही नाव घातलेलं नाही, ते याच कारणानं. मुरुडात पांचाळांची घरं काही एक-दोन नाहीत. वाचणाऱ्यानं कोणतंही समजावं.

काही जण म्हणतील, मग लिहिलंच कशाला? आबांसाठी लिहिलं. मेलेल्या माणसाची गोष्ट झाकायचा हक्क त्याच्या वंशजांना असतो, असं आपण धरून चालतो. पण ज्यानं स्वतः उघड सांगितलं, हसत सांगितलं, त्याच्या तोंडावर हात ठेवायचा हक्क आम्हाला कुणी दिला? लाजेची गोष्ट असती तर ती त्यांची होती आणि त्यांना तिची लाज नव्हती. लाज आम्हाला वाटायला लागली, ती शिकलो-सवरल्यावर.

रकान्यात शेवटी काय लिहायचं, ते ठरवायला बरेच दिवस गेले. शब्द आमच्या धंद्यातच होता. कुणी कुणाकडं काम शिकलं की आमच्यात "त्याच्या हाताखाली होता" असं म्हणतात. पुस्तकात आबांच्या वर थोरल्या आबांचं आणि पणजीचं नाव आहे, सरळ रेघेनं जोडलेलं. तुटक रेघ घेतली नाही. खाली एवढंच छापलंय, "१९१८ च्या मानमोडीत मुरुडला आले. थोरल्या आबांच्या हाताखाली वाढले." जन्मगावाचा रकाना मोकळा ठेवला आहे. त्यात "अज्ञात" नाही, आडवी रेघही नाही.

पुतण्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी अजून शोधतो आहे. रक्त नाही, हात नाही, मग आपण थोरल्या आबांचे कसे?

२०२० साली करोनात माणसं रस्त्यांनी गावाकडं चालत निघाली, तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी गावांनी वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. आलेल्याला लांबूनच विचारायचे, कुठून आला, कोणाचा कोण, कागद आहे का. विचारण्यात चूक होती असं मी म्हणत नाही. साथ ती साथ. पण १९१८ ला यापेक्षा कितीतरी भयंकर साथ होती, घरात दोन मुडदे पडलेले होते, आणि एक बाई म्हणाली, ताप उतरू द्या, मग विचारा. तिनं विचारायचंच नाही असं म्हटलं नव्हतं. फक्त क्रम बदलला होता. आधी ताप, मग जात.

तिला कुणी शिकवलं होतं, ते मला माहीत नाही. तिच्या माहेरचा इतिहास तर थोरल्या आबांपेक्षाही कमी सापडतो. पण आमच्या घराण्यानं कुणाचं काही घेतलं असेल तर तिचा हा क्रम घ्यावा. तो घेतला की नाही, हे वंशावळीवरून कळत नाही. पुढं कधी आमच्यापैकी कुणाच्या दारात तापानं फणफणलेलं परकं लेकरू उभं राहील, तेव्हा कळेल. मी पुतण्याला एवढंच म्हटलं. तो काही बोलला नाही. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीसाठी त्यानं पणजीचं हे वाक्य पहिल्या पानावर टाकायचं ठरवलंय, तिच्याच बोलीत, न सुधारता.